हुबरमन यांची निवड

आपल्याकडे ऑर्केस्ट्रा म्हटले की गणेशोत्सवातला मांडव आठवतो. दिव्यांची माळ, इलेक्ट्रिक गिटार, एक निवेदक आणि ‘फर्माईश’ म्हणून पुढे येणाऱ्या चिठ्ठ्या. मीही तेवढेच समजत होतो. नंतर एकदा मामांच्या घरी जुन्या तबकड्या चाळताना झुबिन मेहता यांचे चित्र असलेले एक वेष्टन हाती लागले. खाली लिहिले होते, इस्रायल फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्रा. आपल्या मुंबईत जन्मलेला हा पारशी माणूस तिकडे कसा गेला, हे शोधायला निघालो आणि वाटेत दुसराच एक माणूस भेटला. हा लेख त्या दुसऱ्या माणसाविषयी आहे. ब्रॉनिस्लाव्ह हुबरमन हे नाव आपल्या महाविद्यालयात फारसे कुणी ऐकलेले नसेल. एके काळी मात्र अर्ध्या युरोपात ते घरोघर ठाऊक होते.

आधी एक खुलासा. पाश्चात्त्य सिंफनी ऑर्केस्ट्रात सत्तर ते शंभर वादक असतात. प्रत्येकासमोर लिहिलेली स्वरलिपी असते आणि आयत्या वेळी सुचलेली एकही जागा कुणी घेऊ शकत नाही. आपल्या मैफलीत एक गवई रंगला की साथीदार त्याच्यामागून जातात. येथे ऐंशी जणांनी एकाच वेळी एकाच श्वासात रंगायचे असते. त्यामुळे एक वादक जरी कच्चा निघाला, तरी तो सगळ्यांना खाली ओढतो. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढे सगळे तिच्यावरच येऊन ठेपते.

हुबरमनचा जन्म १९ डिसेंबर १८८२ रोजी पोलंडमधल्या चेन्स्टोहोवा या गावी एका ज्यू कुटुंबात झाला. पोलंड त्या वेळी रशियन साम्राज्यात होते. घरची परिस्थिती बेताची. वडील याकोब वकिलीच्या धंद्यातले, स्वभावाने तापट. मुलाच्या बोटांत काही तरी आहे हे त्यांनी ओळखले आणि सारा संसार त्या बोटांवर उभा केला. वॉर्सात इझिडोर लोट्टो यांच्यासारख्या गुरूंकडे शिक्षण झाले आणि १८९२ मध्ये, दहा वर्षेही पूर्ण झाली नव्हती तेव्हा, मुलाला बर्लिनला योआखिम यांच्यापुढे उभे केले. योआखिम म्हणजे त्या काळचे व्हायोलिनचे भीष्माचार्य. त्यांनी मुलाला पत्करले खरे, पण रोजची शिकवणी बहुतेक साहाय्यकाच्या हाती राहिली. वर्षाच्या आतच हुबरमन तेथून निघाला. औपचारिक शिक्षण म्हणावे असे त्यानंतर फारसे झाले नाही.

पुढची दहा वर्षे म्हणजे गावोगावचे दौरे. १८९५ च्या जानेवारीत प्रख्यात गायिका आदेलिना पात्ती यांनी व्हिएन्नातल्या आपल्या निरोपाच्या कार्यक्रमात या पोराला वाजवायला बोलावले आणि तो एका रात्रीत प्रसिद्ध झाला. वर्षभराने, १८९६ मध्ये, त्याच शहरात त्याने ब्राम्सचा व्हायोलिन कॉन्सर्टो वाजवला. ब्राम्स स्वतः श्रोत्यांत होते. तेरा वर्षांच्या मुलाने आपली ती अवघड रचना वाजवावी हे त्यांना मुळीच रुचले नव्हते, असे सांगतात. पण वादन सुरू झाल्यावर त्यांचे कान टवकारले गेले, मधल्या संथ भागात त्यांनी डोळे पुसले आणि शेवटी आत जाऊन मुलाला जवळ घेतले. मुलगा मात्र फुरंगटलेला. त्याने एकट्याने वाजवायचा भाग संपताच लोकांनी टाळ्या पिटल्या आणि पुढची हळुवार सुरावट त्यात बुडाली, ही त्याची तक्रार. मग तो भाग इतका सुंदर वाजवायचाच नव्हता, अशी ब्राम्स यांनी त्याची समजूत घातली.

ही आख्यायिका गोड आहे आणि चरित्रकारांना ती फार आवडते. मला मात्र त्या मुलाचे फुरंगटणे अधिक महत्त्वाचे वाटते. टाळ्या मिळाल्या म्हणून तो खूश नव्हता. रचना मोडली म्हणून तो रागावला होता. पन्नाशीतला हुबरमन या मुलाहून फार निराळा नव्हता.

मोठेपणी ते जगातल्या पहिल्या चार-पाच व्हायोलिनवादकांत गणले गेले. सर्वांना ते आवडत असे मात्र नाही. कार्ल फ्लेश यांच्यासारख्या जाणत्या गुरूने त्यांच्या वादनपद्धतीवर कठोर टीका केली आहे. जुनी ध्वनिमुद्रणे ऐकली तर टीकेचे कारण कळते. सूर कधी खरखरीत लागतो, गज दाबून फिरतो, गोडव्याची पर्वा नसते. पण पुढच्याच क्षणी असे काही येते की ऐकणारा सावरून बसतो. संसार फार टिकला नाही. १९१० मध्ये अभिनेत्री एल्सा गालाफ्रेस यांच्याशी विवाह झाला, एक मुलगा झाला आणि काही वर्षांतच दोघे वेगळे झाले.

पहिल्या महायुद्धाने त्यांना हादरवले. वादकाने वाजवावे आणि बाकीच्या उठाठेवी इतरांवर सोडाव्यात, हे त्यांना पटेनासे झाले. कुडेनहोव-कालेर्गी यांच्या ‘पॅन-युरोप’ चळवळीत ते शिरले. युरोपातल्या देशांनी एकत्र येऊन एकच संघराज्य करावे, सीमेवरच्या जकाती आणि सैन्ये जावीत, म्हणजे पुन्हा युद्ध होणार नाही, असे या मंडळींचे म्हणणे. हुबरमन यांनी त्यावर व्याख्याने दिली, पुस्तिका लिहिल्या. व्हायोलिनवाला राजकारण सांगतो म्हणून लोक हसलेही असतील. ज्यूंचे स्वतंत्र राष्ट्र हवे असे मानणाऱ्यांत ते त्या काळी नव्हते. आपले राष्ट्र कोणते, असे विचारले असते तर ते युरोप हेच उत्तर देते.

आणि १९३३ मध्ये याच युरोपने त्यांच्या माणसांना दार दाखवले. जानेवारीत हिटलर सत्तेवर आला. एप्रिलच्या कायद्याने ज्यू माणसे सरकारी नोकरीतून निघाली. जर्मनीतली नाटकगृहे आणि ऑर्केस्ट्रा बहुतेक सरकारी किंवा नगरपालिकांचे. तेव्हा वादकही निघाले. वीस-वीस वर्षे एकाच खुर्चीवर बसून बेटोव्हेन वाजवलेल्या माणसाला एका सकाळी तुमचे काम संपले असे सांगण्यात आले. बर्लिन फिलहार्मोनिकचे फुर्टव्हेंगलर यांनी मात्र हुबरमन यांना आग्रहाचे निमंत्रण पाठवले. कलेत भिंती नसतात, कुणी तरी सुरुवात केली पाहिजे, असा त्यांचा मुद्दा. हुबरमन यांनी नकार दिला आणि तो जाहीर केला. त्यांच्यासारख्या नामवंताला सवलत मिळणार आणि मागच्या रांगेतला वादक रस्त्यावर जाणार, असली सवलत त्यांना नको होती. पुढे मार्च १९३६ मध्ये ‘मँचेस्टर गार्डियन’मध्ये त्यांचे जर्मन बुद्धिवंतांना उद्देशून अनावृत पत्र आले. त्यात त्यांनी खरा दोष नाझींच्या नव्हे, तर सारे कळत असून गप्प बसलेल्या सुशिक्षितांच्या पदरात घातला आहे. आम्हा शिकणाऱ्यांनी आणि आमच्या शिकवणाऱ्यांनी ते पत्र कधी तरी मुळातून वाचावे असे वाटते.

पॅलेस्टाइनमध्ये, म्हणजे त्या काळच्या ब्रिटिश अंमलाखालच्या प्रदेशात, हुबरमन यांचे कार्यक्रम आधीपासून होत होते. तेथे आलेले ज्यू कामकरी, शेतकरी, शिक्षक ज्या भुकेने संगीत ऐकायला जमत, त्याने ते चकित झाले होते. मायकेल टाउबे यांनी जमवलेला एक ऑर्केस्ट्राही तेथे होता, पण साधने तुटपुंजी. इकडे युरोपात उत्तमोत्तम वादक बेकार. तिकडे श्रोते तयार. या दोन गोष्टी जोडल्या की काय होईल, हे कुणालाही सुचले असते. करून दाखवायला मात्र हुबरमन यांच्यासारखा हट्टी माणूसच हवा होता.

आता मूळ गोष्टीकडे येतो. हुबरमन यांना ‘चांगला’ ऑर्केस्ट्रा नको होता. पहिल्या प्रतीचा हवा होता. निर्वासितांची वर्गणी काढून केलेला दीनवाणा वाद्यमेळ उभा राहिला असता, तर जगाने दया दाखवली असती आणि आठवड्याने विसरले असते. ज्यांना तुम्ही हाकलले ते तुमचे सर्वोत्तम लोक होते, हे ऐकवायचे तर पहिल्या सुरापासून ऐकवले पाहिजे, असा त्यांचा हिशेब. म्हणून ते शहराशहरांतून फिरले, वादकांच्या चाचण्या घेतल्या, घ्यायला लावल्या. जर्मनी, ऑस्ट्रिया, पोलंड, हंगेरी येथून माणसे निवडली. बुडापेस्टचा लोरांद फेन्येश अवघा अठरा वर्षांचा. त्याला व्हायोलिनांच्या पहिल्या खुर्चीवर बसवले. फ्रँकफुर्टला ज्यू वादकांना फक्त ज्यू श्रोत्यांपुढे वाजवायची मुभा होती. तेथल्या ऑर्केस्ट्राचे संचालक हान्स व्हिल्हेल्म स्टाइनबर्ग यांना नव्या वाद्यवृंदाची तालीम घेण्याचे काम दिले.

चाचणी म्हटली की कुणी उत्तीर्ण होणार आणि कुणी नापास. आपल्याकडे नापास झालेला पुन्हा परीक्षेला बसतो. हुबरमन यांच्यापुढे व्हायोलिन घेऊन उभा राहणारा माणूस कशासाठी उभा होता, याचा विचार करावा. पॅलेस्टाइनमध्ये शिरण्याचे परवाने मोजके होते. ज्याची निवड झाली त्याला परवाना, त्याच्या बायकामुलांना परवाना. ज्याची झाली नाही तो बर्लिनला किंवा वॉर्सालाच राहिला. १९३५-३६ मध्ये पुढे काय वाढून ठेवले आहे हे कुणालाच पुरते ठाऊक नव्हते, हुबरमन यांनाही नव्हते. पण गोष्ट वाईट आहे एवढे त्यांना कळत होते. तरीही सूर कच्चा असेल तर ते नाही म्हणत. पॅलेस्टाइनमधल्या जुन्या वादकांपैकीही अनेकांना नव्या ऑर्केस्ट्रात जागा मिळाली नाही आणि त्यांचा कडवटपणा समजण्यासारखा आहे.

हे बरोबर होते काय? आमच्या मित्रमंडळीत यावर दोन तट पडले. एक म्हणाला, आग लागलेल्या घरातून माणसे काढताना कुणी आवाजाची परीक्षा घेत नाही. दुसऱ्याचे म्हणणे, ऑर्केस्ट्रा पहिल्या प्रतीचा नसता तर तोस्कानिनी आले नसते, पैसा आला नसता, आणि मग एकही परवाना निघाला नसता. मला दुसरे पटते, पण पटल्यावर बरे वाटत नाही. सुमारे सत्तर वादक आणि त्यांचे कुटुंबीय, नातलग मिळून साधारण हजार माणसे या प्रयत्नातून वाचली असे सर्वसाधारणपणे मानले जाते. चाचणीत राहून गेलेल्यांची संख्या कुठे वाचायला मिळाली नाही.

परवान्यांसाठी ब्रिटिश अधिकारी आणि ज्यू संस्था या दोघांशी झगडावे लागले. शेती आणि बांधकाम करणाऱ्या हातांची गरज असताना ओबो वाजवणारा कशाला, हा प्रश्न तेथेही विचारला गेलाच. एप्रिल १९३६ मध्ये अरबांचा संप आणि उठाव सुरू झाला. बाहेरून येणाऱ्या ज्यूंची संख्या वाढते आहे आणि आपण आपल्याच भूमीत उपरे होणार, ही त्यांची भीती होती. या बोटींतून उतरणारा माणूस एकाच्या दृष्टीने जीव वाचवून आलेला, तर दुसऱ्याच्या दृष्टीने घरात शिरणारा. ऑर्केस्ट्राचे चरित्र लिहिणारे पुष्कळदा हा भाग दोन ओळींत उरकतात. मीही येथे अधिक लिहीत नाही, कारण तो वेगळ्या आणि मोठ्या लेखाचा विषय आहे. पण तो वगळून ही गोष्ट सांगणे खरे होणार नाही. ऑक्टोबरात ठरलेला पहिला कार्यक्रम त्या गडबडीत पुढे ढकलावा लागला.

पैशासाठी हुबरमन अमेरिकेत वाजवत फिरले. आल्बर्ट आइन्स्टाइन स्वतः हौशी व्हायोलिनवादक. त्यांनी न्यूयॉर्कमध्ये निधी जमवण्याच्या कामी आपले नाव आणि वेळ दिला. याच दौऱ्यात २८ फेब्रुवारी १९३६ रोजी कार्नेगी हॉलमध्ये एक विचित्र घटना घडली. हुबरमन रंगमंचावर आपले ग्वार्नेरी व्हायोलिन वाजवत असताना खोलीत ठेवलेले दुसरे व्हायोलिन चोरीला गेले. ते १७१३ साली स्ट्रादिव्हारी याने घडवलेले, ‘गिब्सन’ नावाने ओळखले जाणारे वाद्य. १९१९ मध्ये व्हिएन्नातल्या हॉटेलातून ते एकदा चोरीला गेले होते, पण तेव्हा काही दिवसांत सापडले. या खेपेला सापडले नाही. विमा कंपनीने पैसे भरून दिले आणि हुबरमन पुन्हा ऑर्केस्ट्राच्या मागे लागले.

आणि तोस्कानिनी आले! आर्तुरो तोस्कानिनी हे त्या काळचे सर्वांत मोठे वाद्यवृंद-संचालक. इटलीत फासिस्टांचे गीत वाजवायला नकार दिला म्हणून १९३१ मध्ये बोलोन्यात त्यांनी गुंडांचा मार खाल्ला होता आणि १९३३ मध्ये जर्मनीतल्या बायरॉइटच्या महोत्सवाला पाठ फिरवली होती. हुबरमन यांचा प्रस्ताव ऐकताच त्यांनी होकार दिला. मानधन नाही, प्रवासखर्चही नाही. खरे म्हणजे येथेच हुबरमन यांची दूरदृष्टी दिसते. स्वतः जगप्रसिद्ध वादक, ऑर्केस्ट्रा स्वतः जमवलेला. पहिल्या रात्री पुढे उभे राहून वाजवण्याचा मोह कुणालाही झाला असता. ते त्या रात्री वाजवलेच नाहीत. एकाच माणसाच्या नावाने चालणारी संस्था त्या माणसाबरोबर मरते, हे त्यांनी जाणले होते. ऑर्केस्ट्राला कायमचा धनी न देता थोर थोर पाहुणे संचालक बोलवावेत, हे धोरण त्यांचेच.

स्टाइनबर्ग यांनी काही आठवडे कसून तालीम घेतली. सत्तर माणसे, अनेक भाषा, दर चौघांची पद्धत वेगळी. व्हिएन्नाच्या माणसाला एक लय सवयीची, बर्लिनच्या माणसाला दुसरी. २६ डिसेंबर १९३६ रोजी तेल अवीवमध्ये ‘लेव्हंट फेअर’ या प्रदर्शनाच्या मैदानातल्या एका दालनात पहिला कार्यक्रम झाला. तीन हजारांच्या आसपास लोक आत होते. जागा न मिळालेले बाहेर उभे राहून ऐकत होते. कार्यक्रमात रोस्सिनी, ब्राम्सची दुसरी सिंफनी, शूबर्टची ‘अपूर्ण’ सिंफनी, वेबर आणि मेंडेल्सझोन. हे शेवटचे नाव मुद्दाम घातलेले होते. मेंडेल्सझोन जन्माने ज्यू, म्हणून त्यांचे संगीत जर्मनीत त्या वेळी बंद झाले होते. पुढच्या दिवसांत जेरुसलेम, हैफा आणि मग इजिप्तमध्ये कैरो व अलेक्झांड्रिया येथेही तोस्कानिनी यांनी हा ऑर्केस्ट्रा नेला.

हुबरमन यांचे पुढचे आयुष्य थोडक्यात सांगतो. ऑक्टोबर १९३७ मध्ये सुमात्रात त्यांचे विमान कोसळले. डाव्या हाताचे मनगट आणि दोन बोटे मोडली. व्हायोलिनवादकाला याहून वाईट काय असणार? त्यांनी पोराप्रमाणे पुन्हा पहिल्यापासून रियाज केला आणि ते परत वाजवू लागले. दुसऱ्या महायुद्धाची वर्षे मुख्यतः अमेरिकेत गेली. युद्ध संपल्यावर ते स्वित्झर्लंडला परतले, पण प्रकृती साथ देईना. १६ जून १९४७ रोजी कोर्सिए-स्यूर-व्हव्हे येथे त्यांचे निधन झाले. वय चौसष्ट.

त्यानंतर अकरा महिन्यांनी, १४ मे १९४८ रोजी, तेल अवीवच्या वस्तुसंग्रहालयात इस्रायलच्या स्थापनेची घोषणा झाली, तेव्हा याच ऑर्केस्ट्राने राष्ट्रगीत वाजवले. दालन इतके लहान होते की वादकांना वरच्या मजल्यावर बसवले होते. ऑर्केस्ट्राचे नावही बदलले. पॅलेस्टाइनचे इस्रायल झाले. युरोप एक व्हावा म्हणणाऱ्या माणसाच्या हातून एक राष्ट्रीय ऑर्केस्ट्रा उभा राहिला, ही गोष्ट त्यांना स्वतःला कशी वाटली असती, कोण जाणे.

झुबिन मेहता यांच्याकडे येतो, कारण सुरुवात तेथून केली होती. त्यांचे वडील मेहली मेहता यांनी १९३५ मध्ये मुंबईत बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा स्थापन केला, म्हणजे हुबरमन तिकडे खटपट करत होते त्याच सुमारास. झुबिन यांचा जन्म २९ एप्रिल १९३६ चा. म्हणजे ते आणि हा ऑर्केस्ट्रा एकाच वर्षाचे. १९६१ मध्ये आयत्या वेळी बदली संचालक म्हणून ते प्रथम तेथे गेले. १९६९ मध्ये संगीत सल्लागार, १९७७ मध्ये संगीत संचालक, १९८१ मध्ये ते पद तहहयात, आणि अखेर २०१९ मध्ये त्यांनी आपण होऊन निरोप घेतला. त्यांच्या जागी लहाव शानी हा तरुण संचालक आला. १९८१ मध्ये मेहता यांनी कार्यक्रमाच्या शेवटी वाग्नरची एक रचना वाजवायचे ठरवले, तेव्हा सभागृहात मोठा गोंधळ उडाला. १९३८ च्या नोव्हेंबरात जर्मनीतली ज्यूंची प्रार्थनास्थळे जाळली गेली, तेव्हापासून या ऑर्केस्ट्राने वाग्नर बंद केला होता.

राहता राहिले ते चोरीला गेलेले व्हायोलिन. कार्नेगी हॉलच्या आसपास वाजवणारा ज्युलियन आल्टमन नावाचा एक तरुण वादक होता. वाद्य त्याने स्वतः चोरले, की चोराकडून शंभर डॉलरला घेतले, याबद्दल दोन गोष्टी सांगतात. बुटाच्या पॉलिशने त्याची चकाकी झाकून त्याने ते जवळजवळ पन्नास वर्षे वापरले. लग्नकार्यात वाजवले, हॉटेलांत वाजवले, आणि काही काळ तर वॉशिंग्टनच्या नॅशनल सिंफनी ऑर्केस्ट्रात खुर्चीवर बसून वाजवले. शेजारच्या वादकाला आपल्या कोपराला काय लागते आहे याचा पत्ता नव्हता. १९८५ मध्ये मरताना त्याने बायकोला खरे सांगितले. पेटीत कागदांची कात्रणे होती, हुबरमन यांच्या चोरीची. १९८७ मध्ये ते विमा कंपनीकडे परत गेले, पॉलिश उतरवले गेले, आणि २००१ पासून ते जोशुआ बेल यांच्याकडे आहे. ते घेऊन बेल तेल अवीवलाही वाजवून आले आहेत. तेथल्या सभागृहाचा पत्ता हुबरमन मार्ग, क्रमांक १ असा आहे.